मुळं बरोबर, पण आलेख उलटा: वर्गसमीकरणाच्या आलेखातली चूक कुठे शोधायची

"ताई, मुळं बरोबर आलीत ना? मग आलेख चूक कसा?"

चाळीसगावात मी संध्याकाळी दहावी-अकरावीच्या मुलांना गणित शिकवते. हा प्रश्न दरवर्षी नव्या मुलाच्या तोंडून पुन्हा येतो. विचारणारं मूल बहुतेक वेळा हुशार असतं, अवयव झटपट पाडणारं असतं, म्हणूनच त्याला ही चूक जास्त लागते. मागच्या आठवड्यात पुन्हा एका मुलीने वही पुढे केली. तिच्या एका पानावर या दुखण्याची जवळजवळ सगळी लक्षणं दिसत होती, म्हणून तेच पान धरून लिहिते.

आधी अक्षरांचं बघू. फळ्यावर आपण इंग्रजी अक्षरं वापरतो. इथे एक्सच्या जागी क्ष आणि वायच्या जागी य घेतला आहे. सहगुणक अ आणि ब, स्थिर पद क. म्हणजे आपलं नेहमीचं रूप अक्ष² + बक्ष + क.

प्रश्न असा होता: य = −क्ष² + ४क्ष + ५ चा आलेख काढा आणि तो क्ष-अक्षाला कुठे छेदतो ते सांगा.

तिने पहिल्या ओळीत −क्ष² + ४क्ष + ५ = ० लिहिलं. दुसऱ्या ओळीत "दोन्ही बाजूंना −१ ने गुणून" क्ष² − ४क्ष − ५ = ०. मग (क्ष − ५)(क्ष + १) = ०, मुळं ५ आणि −१. इथपर्यंत एकही चूक नाही. मग सारणी केली, पण ती दुसऱ्या ओळीवरून. बिंदू व्यवस्थित मांडले, टोकदार पेन्सिलने वक्र काढला. उताणी वाटी, तळ (२, −९) वर. हवी होती पालथी वाटी, माथा (२, ९) वर. आकडेमोड सगळी बरोबर आणि आलेख पूर्ण उलटा.

मुख्य बिघाड: समीकरण आणि आलेख एकच समजणं

समीकरणात उजव्या बाजूला शून्य असतं. शून्याला −१ ने गुणा, २ ने भागा, काहीही करा, ते शून्यच राहतं. म्हणून समीकरण सोडवताना आपल्याला सोयीप्रमाणे गुणायची-भागायची मोकळीक मिळते. आलेखाच्या ओळीत मात्र त्या जागी य आहे. −१ ने गुणलं की य चा −य होतो, म्हणजे प्रत्येक बिंदूची उंची उलटी होते. नऊ वर असलेला माथा नऊ खाली जातो. जे बिंदू आधीच शून्य उंचीवर होते तेवढेच जागचे हलत नाहीत, आणि ते बिंदू म्हणजेच मुळं. म्हणून मुळं बरोबर येतात आणि आलेख चुकतो.

मी मुलांना असं सांगते: आलेख म्हणजे प्रत्येक क्ष ला किती उंची मिळाली याची पूर्ण हकिगत. समीकरण म्हणजे त्या हकिगतीला विचारलेला एक प्रश्न, "उंची शून्य कुठे आहे?" एकाच प्रश्नाचं तेच उत्तर देणाऱ्या हकिगती कितीतरी असू शकतात. क्ष² − ५क्ष + ६ आणि २क्ष² − १०क्ष + १२ घ्या. दोन्हींची मुळं २ आणि ३. पहिल्याचा तळ −०.२५ वर, दुसऱ्याचा −०.५ वर. दुसरी वाटी दुप्पट खोल आहे आणि तिच्या बाजूही दुप्पट चढाच्या आहेत. २ ने भागून समीकरण सोडवलं तर काहीच बिघडत नाही. भागलेल्यावरून आलेख काढला तर तो दुसऱ्याच वाटीचा निघतो.

यावर उपाय साधा आहे, पण रोज पाळावा लागतो. "य =" असलेली मूळ ओळ पानाच्या वरच्या बाजूला लिहायची आणि तिच्याभोवती चौकट काढायची. मुळं काढायला खाली हवं ते करा. सारणी मात्र चौकटीतल्या ओळीवरूनच करायची. मग दहा सेकंदांचा ताळा: क्ष = ० ठेवा. जे उरतं ते स्थिर पद, आणि आलेख य-अक्षाला तिथेच छेदायला हवा. आपल्या उदाहरणात +५. त्या मुलीचा आलेख −५ वर छेदत होता. तिला मी फक्त एवढंच विचारलं, "क्ष शून्य असताना य किती?" तिने चौकटीतल्या ओळीकडे पाहिलं, मग आलेखाकडे पाहिलं आणि खोडरबर उचलला.

दुसरा ताळा अ च्या चिन्हाचा. अ धन असेल तर वाटी उताणी, ऋण असेल तर पालथी. कारण क्ष खूप मोठा झाला, धन किंवा ऋण कुठल्याही बाजूला, की क्ष² इतका वाढतो की बाकीची दोन पदं त्याच्यापुढे टिकत नाहीत. दोन्ही टोकांना वक्र कुठे जाणार हे अ एकटाच ठरवतो.

डावा पाय वाकडा

तिने सारणी पुन्हा केली, या वेळी चौकटीतल्या ओळीवरून. उजवी बाजू सुरेख आली: ० ला ५, १ ला ८, २ ला ९, ३ ला ८, ४ ला ५, ५ ला ०. डाव्या बाजूला मात्र −१ ला २ आणि −२ ला १. वक्र डावीकडे खाली यायच्या ऐवजी आडवा पसरत गेला, आणि क्ष-अक्षाला −१ वर छेदलाच नाही, जरी मूळ −१ आहे हे तिनेच वर लिहिलं होतं.

इथे काय झालं ते जवळून पाहण्यासारखं आहे. −क्ष² मध्ये क्ष = −१ ठेवताना तिने दोन उणे चिन्हं शेजारी पाहिली, "उणे उणे अधिक" म्हणाली आणि +१ लिहिलं. पण वर्ग आधी करायचा: (−१)² = १, मग बाहेरचं उणे, म्हणून −१. त्यात ४ × (−१) = −४ आणि ५ मिळवले की −१ − ४ + ५ = ०. हवं होतं तेच.

उलटी चूकही तितकीच होते. अ धन असताना मुलं (−३)² ला −९ लिहितात. यात कॅल्क्युलेटरचाही हात असतो. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर उणे, ३, वर्ग अशी बटणं दाबली की तो −९ दाखवतो, कारण तो आधी ३ चा वर्ग करतो आणि मग उणे लावतो. गणिताच्या नियमाने त्याचं बरोबरच आहे. आपल्याला हवा होता उणे तीनचा वर्ग, आणि त्यासाठी कंस टाकायला हवा होता. ऋण संख्या ठेवताना कंस, वहीत आणि कॅल्क्युलेटरवरही. माझ्या वर्गात कंस न टाकता ऋण संख्या ठेवलेली ओळ मी पुढे तपासतच नाही, परत देते.

एक्सेलमध्ये आलेख काढणाऱ्यांना तर याचा वेगळाच फटका बसतो. तिथे सूत्राच्या सुरुवातीला उणे चिन्ह, मग सेल आणि मग वर्ग असं लिहिलं, तर एक्सेल आधी उणे लावतं आणि मग वर्ग करतं, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या बरोबर उलट. त्यामुळे −क्ष² + ४क्ष + ५ म्हणून टाकलेलं सूत्र प्रत्यक्षात क्ष² + ४क्ष + ५ चे आकडे देतं. वाटी उताणी होते, तळ (−२, १) वर जातो आणि आलेख क्ष-अक्षाला शिवतसुद्धा नाही. आपण टाइप केलं ते डोळ्यांना बरोबरच दिसत राहतं, म्हणून माणूस तासभर शोधत बसतो. उपाय दोन: वर्गाच्या पदाभोवती कंस घालून बाहेर उणे लावा, किंवा पदांची अदलाबदल करून ४क्ष + ५ आधी आणि वजा क्ष² शेवटी लिहा. मधलं वजाबाकीचं चिन्ह एक्सेल नीट समजतं, घोळ फक्त सुरुवातीच्या उणेचा होतो. आणि चार्ट निवडताना "लाइन" ऐवजी "स्कॅटर" घ्या. लाइनचार्ट क्ष च्या किमतींना नुसती नावं समजून समान अंतरावर मांडतो.

फरकांचा ताळा

सारणीत चूक आहे का, हे आलेख काढायच्या आधीच कळण्याची एक युक्ती आहे. मला ती शाळेत कोणी सांगितली नव्हती. कळली तेव्हापासून मी ती प्रत्येक वर्गाला सांगते, कारण इतका बिनचूक आणि इतका स्वस्त ताळा दुसरा नाही.

क्ष च्या किमती एकेकाने वाढवत घ्या. य च्या किमती ओळीने लिहा आणि शेजारशेजारच्या किमतींमधले फरक काढा. मग त्या फरकांचे फरक काढा. हे दुसरे फरक सगळे सारखे यायला हवेत आणि त्यांची किंमत २अ असायला हवी.

आपलं उदाहरण, क्ष = −२ पासून ६ पर्यंत:

य: −७, ०, ५, ८, ९, ८, ५, ०, −७

फरक: ७, ५, ३, १, −१, −३, −५, −७

फरकांचे फरक: −२, −२, −२, −२, −२, −२, −२

अ = −१, म्हणून २अ = −२. जुळलं.

आता तिची चुकलेली सारणी: १, २, ५, ८, ९, ८... फरक १, ३, ३, १, −१... आणि त्यांचे फरक २, ०, −२, −२... पहिले दोन आकडेच बिनसलेले. म्हणजे चूक सारणीच्या डाव्या टोकाला आहे, आणि नेमकी तिथे जाऊन दोन ओळी तपासल्या की झालं. सगळी सारणी पुन्हा करायची गरज नाही.

हे असं का होतं? क्ष एकाने वाढला की (क्ष + १)² − क्ष² = २क्ष + १. म्हणजे वर्गाच्या पदाचा फरक सरळ रेषेसारखा वाढतो, दर पायरीला दोनाने. अ ने गुणलं की २अ ने. बक्ष या पदाचा फरक कायम ब असतो, आणि स्थिर पदाचा शून्य, म्हणून दुसऱ्या फरकात ही दोन्ही पदं गळून जातात. क्ष च्या पायऱ्या मात्र सारख्या हव्यात. −३, −१, ०, २ अशा उड्या मारत घेतलेल्या किमतींना हा ताळा लागू पडत नाही. मुलं तशाच उड्या मारतात, म्हणून हे वेगळं सांगते.

सूत्र पाठ, पण दिसत नाही

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: उणे ब, अधिक-उणे, वर्गमुळात ब² − ४अक, भागिले २अ. ते तोंडपाठ म्हणतानाच मला मुलांना थांबवावंसं वाटतं, कारण त्या सूत्रात आलेख आधीच काढून ठेवलेला आहे आणि तो कोणी पाहत नाही.

छेद दोघांत वाटून द्या. एक तुकडा −ब/२अ. दुसरा तुकडा √(ब² − ४अक) भागिले २अ, त्याच्यापुढे अधिक-उणे. पहिला तुकडा सांगतो कुठे उभं राहायचं: वाटीच्या बरोबर मधोमध, सममितीच्या अक्षावर. दुसरा तुकडा सांगतो तिथून किती पावलं चालायचं, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, सारखीच.

आपल्या उदाहरणात −ब/२अ = −४/−२ = २. विवेचक, म्हणजे वर्गमुळातलं ब² − ४अक, १६ + २० = ३६, वर्गमूळ ६, त्याचा निम्मा ३ (पावलं मोजताना उणे चिन्ह सोडा, दोन्ही बाजूंना जायचंच आहे). म्हणजे २ वर उभे राहा, ३ पावलं उजवीकडे ५, ३ पावलं डावीकडे −१. हीच मुळं. आणि ज्या २ वर उभे आहात, तिथली उंची −४ + ८ + ५ = ९. हाच माथा.

एकदा हे दिसलं की विवेचकाच्या तीन अवस्था घोकाव्या लागत नाहीत. विवेचक धन असेल तर पावलं आहेत, दोन मुळं. शून्य असेल तर पाऊलच नाही, उभे आहात तिथेच वाटी अक्षाला टेकते, मुळं सारखी. ऋण असेल तर वास्तव संख्यांत असं पाऊल नाही, म्हणजे वाटी अक्षापर्यंत पोहोचतच नाही. क्ष² + २क्ष + ५ घ्या: विवेचक ४ − २० = −१६. मुलं "मुळं वास्तव नाहीत" लिहितात आणि आलेख काढायचं सोडून देतात, जणू आलेखच नाही. वाटी जागच्या जागी आहे. तिचा मध्य −१ वर, तळ ४ उंचीवर, आणि ती उताणी आहे, म्हणून क्ष-अक्षाच्या वरच राहते. मुळं नसली तरी शिरोबिंदू, म्हणजे वाटीचा तळ किंवा माथा, असतोच.

सूत्रात घातलेल्या चुकांचं निदानही या दोन तुकड्यांवरून होतं. २क्ष² − ७क्ष + ३ = ० ची मुळं ३ आणि ०.५. ज्यांनी −ब लिहिताना −(−७) चे −७ च ठेवले, त्यांची मुळं −३ आणि −०.५ येतात. म्हणजे वाटी आरशात पाहिल्यासारखी डावीकडे जाते. ज्यांनी २अ ने फक्त वर्गमुळालाच भागलं, त्यांना ७ + १.२५ आणि ७ − १.२५ मिळतात, म्हणजे ८.२५ आणि ५.७५. दोन मुळांमधलं अंतर २.५ बरोबर आहे, पण उभं राहायची जागाच चुकली. अंतर बरोबर आणि जागा चूक असेल तर भागाकाराची रेघ अपुरी ओढली गेली आहे, असं डोळे मिटून समजा. मुळांची बेरीज −ब/अ येते का हे पाहिलं तर दोन्ही चुका पकडल्या जातात: इथे ती ३.५ हवी.

सपाट तळ आणि पट्टीने जोडलेले बिंदू

क्ष² − ५क्ष + ६ ची सारणी पूर्णांक घेऊन केली की २ ला ० आणि ३ ला ०. मुलं दोन्ही बिंदू जोडतात आणि वाटीला परातीसारखा सपाट तळ येतो. अन्वस्ताला, म्हणजे या वाटीच्या आकाराच्या वक्राला, सपाट तुकडा कुठेच नसतो. सारणीत लागोपाठ दोन सारख्या किमती दिसल्या की शिरोबिंदू त्या दोघांच्या मध्ये लपला आहे असं समजायचं. इथे २.५ वर, उंची −०.२५. म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी −ब/२अ काढायचं, तो बिंदू सारणीच्या मधोमध ठेवायचा आणि मग दोन्हीकडे तीन-तीन किमती. सममितीमुळे निम्मी आकडेमोड वाचते तो फायदा वेगळाच.

पट्टीने जोडण्याची सवय कुठून येते तेही समजतं. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे, तिथे आलेख काढायचे आणि सगळे सरळ रेषेत. वर्गसमीकरणं दुसऱ्या प्रकरणात येतात, तोवर हात पट्टीला सरावलेला असतो. बिंदूंमधून वक्र एका ओघात, मनगट न उचलता काढायचा. डावखुऱ्या मुलांनी कागद फिरवून घ्यावा, वाटीच्या आतल्या बाजूला हात राहील असा. मग रेघ थरथरत नाही.

उजवीकडे की डावीकडे

य = (क्ष − ३)² चा आलेख उजवीकडे ३ वर सरकतो आणि मुलं उणे पाहून डावीकडे काढतात. वाद घालू नका, एकच विचारा: कंस शून्य कधी होईल? क्ष ३ असताना. वाटीचा तळ तिथे.

क्ष ने भागलं आणि एक मूळ हरवलं

क्ष² = ५क्ष. दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५. दुसरं मूळ ० गेलं, कारण क्ष शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही. आलेख काढला की लगेच दिसतं: क्ष² ची वाटी आणि ५क्ष ही रेषा एकदा उगमबिंदूवर भेटतात आणि एकदा (५, २५) वर. भागायचं नाही, सगळं एका बाजूला आणून क्ष सामाईक काढायचा.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे (क्ष − २)(क्ष − ३) = २ असताना क्ष − २ = २ किंवा क्ष − ३ = २ लिहिणं. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यातली एक शून्य असलीच पाहिजे. हा मान फक्त शून्याला आहे, दोनला नाही. इथे प्रश्नच वेगळा आहे: वाटीची उंची २ कुठे होते? क्ष² − ५क्ष + ४ = ०, म्हणजे १ आणि ४ वर. गंमत अशी की चुकीच्या वाटेने ४ आणि ५ येतात, त्यातला ४ बरोबर निघतो, आणि मुलाला वाटतं आपली रीत निम्मी तरी खरी आहे. म्हणून दोन्ही उत्तरं मूळ ओळीत ठेवून पाहायचीच. ५ ठेवला की ३ × २ = ६, दोन नाही.

फोनवर आलेखच दिसत नाही

आता बरीच मुलं जिओजेब्रावर आलेख पाहतात आणि ते चांगलंच आहे. पण एका मुलाने य = क्ष² − ४०क्ष + ३०० टाकलं आणि "काहीच येत नाही" म्हणून फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर दोन्ही अक्ष −१० ते १० च्या आसपास होते. या वाटीची मुळं १० आणि ३०, तळ (२०, −१००) वर. ९ ला उंची २१, म्हणजे पडद्याच्या वर. १० जवळ उभ्या रेघेसारखा एक तुकडा उजव्या कडेला चिकटलेला, बाकी सगळं बाहेर. त्या तुकड्यावरून दुसऱ्या एकाने "एकच मूळ आहे" असंही लिहून दिलं होतं.

आधी वहीत −ब/२अ आणि तिथली उंची काढा, मग पडद्याची चौकट त्याभोवती लावा. इथे क्ष ० ते ४० आणि य −१२० ते ३२०. ग्राफ पेपरवरही हाच प्रश्न प्रमाणाच्या रूपात येतो. दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घ्यायचा हट्ट नको. क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = ५ एकक चालतं, फक्त कोपऱ्यात तसं लिहा. प्रमाण बदललं की वाटी रुंद किंवा अरुंद दिसते, पण मुळं आणि शिरोबिंदूचे निर्देशक तेच राहतात.

दोन उत्तरं आली, ठेवायचं कुठलं?

हा भाग लिहिताना मला आमच्या जवळच्या पाटणची आठवण येतेच. चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारे देवीच्या दर्शनाला जातात, आणि तिथल्या शिलालेखाशी भास्कराचार्यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, असं तो लेख सांगतो. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांच्या बीजगणितात माकडांची दोन गणितं आहेत आणि ती मी दरवर्षी जोडीनेच सोडवून घेते.

पहिलं: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडं वनात खेळत आहेत, उरलेली १२ टेकडीवर. एकूण किती? (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. मध्य ३२, पाऊल १६, मुळं ४८ आणि १६. ताळा करा: ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, आणि १२ मिळून ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, आणि १२ मिळून १६. दोन्ही उत्तरं चालतात आणि आचार्यांनीही दोन्ही स्वीकारली.

दुसरं: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग इतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष, म्हणजे क्ष² − ५५क्ष + २५० = ०. मुळं ५० आणि ५. इथे भास्कराचार्य ५ नाकारतात, कारण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ काढले की ऋण संख्या उरते, आणि माकडांची ऋण संख्या लोकांना पटणारी नाही.

आता या दुसऱ्याचा आलेख काढा. वाटी ५ वर अक्षाला जशी छेदते तशीच ५० वर छेदते. ५ चुकीचा असल्याची कुठलीही खूण आलेखावर नाही, समीकरणातही नाही. उणे दोनाचा वर्ग ४ झाला आणि ती ऋण संख्या वर्गात विरघळून गेली. म्हणून शाब्दिक उदाहरणात मुळं मिळाली की शेवटची पायरी गोष्टीकडे परत जाण्याची: प्रत्येक मूळ मूळच्या वाक्यात ठेवून वाचायचं, नुसत्या समीकरणात नाही. "ऋण उत्तर आलं म्हणून सोडून दिलं" एवढं पुरत नाही, कारण इथे नाकारायचं मूळ धन होतं.

आता एक गणित तुमच्या हाताने करून बघा: य = −२क्ष² + ८क्ष − ६. चौकट काढा, क्ष ० पासून ४ पर्यंत घ्या. फरकांचे फरक सगळे −४ यायला हवेत, आलेख य-अक्षाला −६ वर छेदायला हवा, वाटी पालथी आणि माथा (२, २) वर, मुळं १ आणि ३. दुसरे फरक जुळले नाहीत तर कंस तपासा. फरक सारखे आले पण +४ आले, तर मधेच कुठेतरी −१ ने गुणलेली ओळ सारणीत शिरली आहे. आणि फरक −२ येत असतील तर २ ने भागलेली.